धानाच्या बांधीतून माउंट केनियाकडे : तयारी कशी करू?

बोडीकाठची | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून इथलं वाचते, लिहायला मात्र पहिल्यांदाच बसली. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, घरी साडेतीन एकर धान आहे आणि सहा वर्षांपासून नवेगाव-नागझिऱ्याच्या एका गेटवर गाईड आहे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसते, जूनमध्ये सारस गणनेसाठी पहाटे पाचला कोणाच्या तरी बांधावर दुर्बीण घेऊन उभी असते.

तर गोष्ट अशी की केनियात लायकिपिया म्हणून भाग आहे, तिथल्या एका राखीव क्षेत्रात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून माझी निवड झाली आहे. शिकाऱ्यांचे फासे शोधून काढणं, ट्रॅप कॅमेऱ्याचे फोटो बघून नोंदी करणं, कुंपणाची गस्त, असं काम आहे. वेळ पण नेमकी जुळून आली, कारण आपल्याकडे १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर जंगल बंद म्हणजे मला काम नाही, आणि तिकडे जुलै ते सप्टेंबर कोरडा हंगाम असतो. रोवणी आटोपली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असं ठरवलं आहे.

त्या भागातून माउंट केनिया समोर दिसतो म्हणतात. तर काम संपल्यावर त्याच्या पॉइंट लेनानापर्यंत जायचं मनात आहे, उंची ४,९८५ मीटर. आणि आमचं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे-तीनशे मीटर असेल, चढ म्हणून काय तर धरणाची भिंत. चार महिन्यांत तयारी होईल का?

आणखी एक, हे जास्त महत्त्वाचं आहे माझ्यासाठी. राहण्या-खाण्याचे पैसे मलाच द्यायचे आहेत. आई म्हणते, पैसे देऊन दुसऱ्याच्या जंगलात राबायला काऊन जातेस, इथं जंगल नाही का. तिला काय सांगू ते मला खरंच सुचलं नाही.

नैरोबीतला अकोलेकर | ९ एप्रिल

ताई अभिनंदन! मी अकोट तालुक्यातला, नऊ वर्षांपासून नैरोबीत नोकरीला आहे. आधी कागदपत्रांचं सांगतो, डोंगराचं बाकीचे सांगतील.

जानेवारी २०२४ पासून इथं व्हिसा नाही, त्याऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावी लागते. पण ते फिरायला येणाऱ्यांचं झालं. बिनपगारी काम असलं तरी इथं ते कामच धरतात, म्हणून ज्यांनी बोलावलं त्यांना आत्ताच मेल टाकून विचारा की माझ्यासाठी कोणता परवाना काढणार, कोण काढणार आणि पैसे कोण भरणार. उत्तर लेखी घ्या. जे खरं काम करतात ते लोक सरळ सांगतात, आणि जो म्हणेल टुरिस्ट म्हणूनच या काही होत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

दुसरं, पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परत येताना लस घेतल्याच्या नोंदीचं पिवळं पुस्तक विमानतळावर मागतात, नसलं तर वेगळं ठेवू शकतात. निघायच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तिथं नंबर लावावा लागतो, म्हणून जूनमध्येच करून टाका, रोवणीच्या घाईत राहून जाईल.

सामान बांधताना प्लास्टिकच्या पन्नी आणू नका, २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यात पाण्याची प्लास्टिक बाटली पण चालत नाही. स्टीलची बाटली घ्या. जेवायला उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सुकुमा विकी म्हणून पालेभाजी, चपाती पण सगळीकडे मिळते. फक्त तिखट नसतं हो, भिवापुरी मिरचीचं तिखट पावभर आणाच, घट्ट झाकणाच्या डब्यात.

सिंदेवाहीचं शिवार | १० एप्रिल

मी सरळ बोलतो, राग मानू नका. आमच्या तालुक्यात मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघानं नेली, तेंदूपत्त्याच्या हंगामात दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी रडारड असते. माझी मामेबहीण गेली त्याला तीन वर्षं झाली. जंगल वाचवायला लोक बाहेरदेशी चालले हे वाचलं की पहिले मनात हेच येते.

पण तुम्ही गेटवरच्या आहात, गावच्या आहात, म्हणून म्हणतो जा. तिकडे पण लोक सिंहाच्या शेजारी गुरं राखून राह्यले, मसाई, सांबुरू. ते रात्री गुरं काट्याच्या कुंपणात कशी ठेवतात, नुकसान झालं तर पैसे कधी मिळतात, मिळतात की नाही, हे सारं विचारून या. आमच्या गावात येऊन सांगा. बाकी गेंड्याचे फोटो मोबाईलवर आम्ही पण बघतो.

बोडीकाठची | १० एप्रिल

राग कसला दादा. तुम्ही लिहिलं ते मी वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे.

पिंपळपार | १० एप्रिल

धागा बघून राहवलं नाही. मी आर्वीकडचा. पाच वर्षांआधी मी पण असाच गेलो होतो, आफ्रिकेतच पण दुसऱ्या देशात. एका एजन्सीला अडीच लाखाच्या वर भरले, त्यातले काही बाबांनी तूर विकून दिलेले. तिथं गेल्यावर काम काय तर सिंहाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचं आणि आलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर पिल्लू देऊन फोटो काढायचा. पिल्लं तीन-चार आठवड्यांची, माय कुठं ते दिसायची नाही. मी रोज विचारायचो ही मोठी झाली की कुठं जातात, रोज वेगळं उत्तर. परत आल्यावर वाचलं तेव्हा समजलं की माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत असे पिंजऱ्यात वाढवलेले सिंह पुढे कुंपणाच्या आतच पैसे घेऊन शिकारीला देतात. मी ज्यांना दूध पाजलं त्यांचं काय झालं असेल, हे आजही रात्री कधी कधी आठवतं.

तुमचं फासे काढायचं काम आहे म्हणजे वेगळं दिसतं. तरी एक विचारून घ्या, प्राण्याला हात लावायला मिळेल का. ते नाही म्हणाले तर जागा चांगली समजा.

बोडीकाठची | ११ एप्रिल

विचारलं. उत्तर आलं की कोणत्याही प्राण्याजवळ जायचं नाही, रेंजरशिवाय गाडीतून उतरायचं नाही. परवान्याचं पण सविस्तर पत्र आलं. अकोलेकर दादा, पिंपळपार दादा, दोघांचेही आभार. तूर विकून दिलेले पैसे वाचलं तेव्हा पोटात कालवलं.

नागद्वारचा यात्री | १२ एप्रिल

पोरी, मी भंडाऱ्याकडचा, वय सत्तावन्न. बावीस वर्षं झाली श्रावणात पचमढीला नागद्वार करतो, महाशिवरात्रीला चौरागड. आपल्या विदर्भाचा माणूस सपाटीवरचा हाय म्हून डोंगर चढत नाही असं कोणी म्हणू नये, हजारो लोक दरसाल पावसात, निसरड्यावर, काही तर अनवाणी महादेवाचं नाव घेत चढतेत. मी तुले अनुभवाचं सांगतो.

चढाची चिंता नको करू, उताराची कर. चौरागडच्या पायऱ्या चढताना दम लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. गुडघा उतरतानाच जाते. म्हून धरणाच्या भिंतीवर चढ-उतार करशील तर उतरताना हळू, पाय पूर्ण टेकवून, धप्पकन नाही. पाठीवर पहिले दोन किलो तांदूळ, पंधरा दिवसांनी चार, मग सहा, असं वाढव. आणि मे महिन्यात पहाटे चारलाच निघ, सहाला घरी ये. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी तयारी करणं म्हणजे तयारी नाही, ऊन लागून पडशील.

महिन्यातून एकदा तरी मोठा दिवस काढ. नागभीडकडे सातबहिणीचा डोंगर हाय, पेर्जागड म्हणतेत, तिथं खडकावर चढणं-उतरणं चांगलं होते. जमलं तर दोन दिवस चिखलदऱ्याला जा. बूट इथंच पायात मुरव, नवीन बूट घालून डोंगरावर जाऊ नको, येवढं ऐक.

गाविलगडचा वारा | १३ एप्रिल

काकांनी फार मोलाचं सांगितलं. मी परतवाड्याचा, दोन वर्षांआधी लेनानाला जाऊन आलो.

आधी डोंगर समजून घ्या. माउंट केनियाला तीन नावाजलेली टोकं आहेत. बाटियन ५,१९९ आणि नेलियन ५,१८८ मीटर, ही दोन दोर लावून कातळ चढणाऱ्यांची, १८९९ मध्ये मॅकिंडर नावाच्या इंग्रजाची टोळी बाटियनवर पहिल्यांदा पोचली. आपल्यासारख्यांचं ते तिसरं, लेनाना, तिथं दोर लागत नाही, पायी पोचता येतं. किलिमांजारो ५,८९५ आहे म्हणून लोक याला सोपा समजतात आणि तिथंच चुकतात. बहुतेक जण तीन रात्री-चार दिवसांत उरकतात. सिरिमोन गेटातून पहिल्या दिवशी ओल्ड मोझेस, ३,३०० मीटर, दुसऱ्या दिवशी एकदम शिप्टन कॅम्प, ४,२०० मीटर, आणि त्याच रात्री दोन-अडीचला उठून टोकाकडे. एका दिवसात नऊशे मीटर! आमच्या गटातला एक धडधाकट पोरगा, रोज दहा किलोमीटर पळणारा, शिप्टनला रात्रभर ओकत होता. पळण्याचा आणि उंचीचा संबंध नाही.

तुम्ही ओल्ड मोझेसला दोन रात्री काढा, मधल्या दिवशी वर फिरून परत खाली झोपायला या. मग लिकी नॉर्थला एक रात्र, ती जागा जवळपास चार हजारावर आहे, मग शिप्टन. दोन दिवसांचे पैसे जास्त जातील, जाऊ द्या. एकटीला वर सोडत नाहीत आणि जाऊही नये, गाईड नान्युकी गावातून मिळतात.

थंडी आपल्याला कळतच नाही कशी असते ते. टोकावर पहाटे सगळं गोठलेलं, माझ्या बाटलीतलं पाणी बर्फ झालं होतं. आतून थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, हातमोजे दोन जोड्या. सुती बनियन अजिबात नाही, घामानं ओलं झालं की वाळत नाही. झोपायची पिशवी आणि जाड जॅकेट तिथं भाड्यानं मिळतं, विकत घेऊ नका. वाटेत साडेतीन हजाराच्या वर झाडं अशी दिसतात की माणसाएवढाली कोबी खांबावर ठेवली आहे, सेनेसिओ आणि लोबेलिया. लोबेलिया रात्री पानं मिटून आतला कोंब झाकून घेते थंडीपासून, टॉर्च मारून जवळून बघा.

डॉक्टर, ब्रह्मपुरी | १४ एप्रिल

पाच हजार मीटरवर हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर जुळवून घेतं पण त्याला रात्री द्याव्या लागतात. तीन हजाराच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं ही सुरुवात, तिथंच थांबायचं. बसल्या जागी दम लागतो, खोकला, किंवा चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जातो, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणून गोळी आहे, ती डॉक्टरला दाखवूनच घ्यायची, सल्फाची अ‍ॅलर्जी असली तर आधी सांगायचं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

आता खरं जे सांगायला आलो ते. तुम्ही पूर्व विदर्भातल्या आहात. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी केली आहे का? पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये हे कोणी विचारत नाही, पण आपल्याकडे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, सगळीकडे हा आजार आहे. आणि वाहक माणसाला, म्हणजे ज्याच्या रक्तात तो दोष आहे पण आयुष्यभर काहीही त्रास नाही अशाला, प्राणवायू कमी असलेल्या उंचीवर प्लीहेचा, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या अवयवाचा, रक्तपुरवठा बंद पडू शकतो. डाव्या बरगडीखाली जोरात दुखतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. आधी ती करा, मग बूट घ्या.

बोडीकाठची | २४ मे

उशिरा लिहिते आहे. तपासणी केली. मी वाहक आहे.

लहान भावाची पण केली, तो नाही. आईला आधी वाटलं मला आजारच आहे, ती दोन दिवस जेवली नाही, आशाताईनं घरी येऊन समजावलं की वाहक म्हणजे रोगी नाही, लग्न जुळवताना समोरच्याची तपासणी बघायची एवढं लक्षात ठेवायचं. डॉक्टर साहेब, तुम्ही विचारलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

आता डोंगराचं काय करू? तयारी चालू आहे. पहाटे चारला भिंतीवर वीस फेऱ्या होतात, पाठीवर सहा किलो. पेर्जागड दोनदा झाला. पाय म्हणतात जा.

डॉक्टर, ब्रह्मपुरी | २४ मे

ताई, हे इथं लिहून ठरवायचं नाही. नागपुरात रक्तविकार तज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा, रिपोर्ट आणि तुमचा रोजच्या उंचीचा कागद घेऊन. पुष्कळ वाहक लोक उंचावर जाऊन नीट परत येतात आणि काहींना त्रास होतो, कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. राखीव क्षेत्राच्या कामाला काहीच अडचण नाही, ते पठार अठराशे मीटरच्या आसपास आहे.

बोडीकाठची | १९ जुलै

भेटली. त्यांनी तासभर वेळ दिला. म्हणाल्या जायचं असेल तर सावकाश, पाणी भरपूर, थंडीत अंग उघडं नाही, आणि डाव्या बाजूला दुखलं की त्या क्षणी मागे, मग टोक शंभर पावलांवर असलं तरी. मी हे इंग्रजीत लिहून घेतलं आहे, गाईडला पहिल्याच दिवशी देणार. गाविलगड दादांनी सांगितलेले जास्तीचे दोन दिवस पण धरले.

परवा रोवणी संपली. आठ दिवस वाकून वाकून कंबर धरली आहे, पण गुडघाभर चिखलात दिवसभर चालल्यावर पोटऱ्या जशा झाल्या तशा भिंतीवर नव्हत्या झाल्या.

नागद्वारचा यात्री | १९ जुलै

जा पोरी. महादेव पाठीशी हाय.

बोडीकाठची | १५ सप्टेंबर

आली मंडळी परत. आधी काम सांगते, मग डोंगर.

रोज सकाळी सहा जणांची रांग, दोघांत दहा पावलांचं अंतर, झुडपातून हळूहळू चालायचं. तिथं एक बाभूळ आहे, वाऱ्यानं शिट्टी वाजवते, काट्यांच्या बुडाला काळ्या गाठी असतात आणि त्यात मुंग्या राहतात. पहिला फासा मला चौथ्या दिवशी दिसला, अशाच एका बाभळीच्या बुडाशी बांधलेला. मोटरसायकलच्या क्लचची तार, गुडघ्याच्या उंचीवर गोल, दोन्ही बाजूला काट्या टाकून वाट अरुंद केलेली. मी हात वर करून थांबली. रेंजरनं विचारलं तुला कसं दिसलं, तर मी सांगितलं की आमच्याकडे रानडुकरासाठी अगदी असाच लावतात, तीच तार, तीच गाठ, काट्या पण तशाच. सोडवताना मुंग्या मनगटापर्यंत चढल्या, फार चावतात, पण ती गाठ मीच सोडवली. चार आठवड्यांत आमच्या रांगेनं सतरा काढले, त्यातले पाच मला दिसले. तिसऱ्या आठवड्यापासून मला रांगेच्या टोकाला ठेवायला लागले, जिथं वाट जास्त असते.

आईला आता सांगता येतं. मी तिकडे पैसे देऊन राबायला नव्हती गेली फक्त, मला जे येतं ते काम आहे हे मला तिकडे समजलं.

दुपारी रेंजर लोक वाघाचं विचारायचे. त्यांच्याकडे वाघ नाही. मी धुळीत बोटानं पंजा काढून दाखवला, नराचा आणि मादीचा, त्यांनी शेजारी सिंहाचा काढला. हत्तींचं त्यांनी मला सांगितलं, वाऱ्याची दिशा, कान, सोंड. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला आणि पुढे आमच्याकडेही फिरून गेला, आमच्या लोकांना हे कोणी शिकवलंच नव्हतं.

सुट्टीच्या एका दिवशी ओल पेजेटा नावाच्या राखीव क्षेत्रात गेली. नाजिन आणि फातू, माय-लेकी, जगातले शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे. शेवटचा नर सुदान १९ मार्च २०१८ ला गेला. फातू गवत खात होती, दातानं तोडल्याचा आवाज येत होता, आमची म्हैस बांधावर खाते अगदी तसा. मागे बंदूक घेऊन पहारेकरी. मला तिथं बोलता आलं नाही.

सिंदेवाही दादा, तुमचे प्रश्न. रात्री गुरं आत घ्यायची म्हणजे घ्यायचीच, राखायला माणूस आणि कुत्रा. मी होती तिथं आता काट्याऐवजी लोखंडी जाळीच्या सुट्या पट्ट्या जोडून गोठा करतात, आठवड्यानं उचलून दुसरीकडे नेतात, म्हणजे शेणखत पण सगळीकडे पसरतं. भरपाईचं त्यांचंही रडगाणं आपल्यासारखंच, उशीर फार. सगळं नऊ पानं लिहून आणलं आहे, तुमच्या गावी येते.

आता डोंगर. शिप्टनपर्यंत उत्तम गेली, डोकं पण दुखलं नाही. रात्री अडीचला निघालो. साडेचार हजाराच्या वर, मुरमाच्या चढावर, डाव्या बरगडीखाली टोचायला लागलं. आधी वाटलं पट्टा रुतला असेल, पिशवी काढली, तरी तसंच. गाईडला म्हटलं. त्यानं कागद काढला, टॉर्चमध्ये वाचला आणि एक शब्द न बोलता माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. आम्ही मागे फिरलो. शिप्टनला उजाडलं तेव्हा बाटियनचा कडा वरून खाली केशरी होत आला, मी बसून पाहिला, रडली पण. त्याच दिवशी ओल्ड मोझेसपर्यंत उतरलो, संध्याकाळी दुखणं थांबलं. नान्युकीत आणि इथं नागपुरात सोनोग्राफी केली, दोन्ही नीट आहेत.

डॉक्टर, ब्रह्मपुरी | १५ सप्टेंबर

अगदी योग्य केलंत. ताई, तुमची परवानगी असेल तर हे मी आमच्या भागातल्या कॉलेजच्या ट्रेकिंगवाल्या मुलांना वाचून दाखवतो.

बोडीकाठची | १५ सप्टेंबर

दाखवा डॉक्टर साहेब.

सिंदेवाहीचं शिवार | १६ सप्टेंबर

ताई, या. पंचायतीच्या पारावर लोक जमवतो. आणि फाशांचं पण बोला, आमच्याकडे तारेत करंट सोडतात, त्यात डुकरासोबत वाघ मेले आणि माणसं पण मेली.

बोडीकाठची | १६ सप्टेंबर

येते. आणि आमच्या भागातल्यांसाठी, हलका धान निसवायला लागला की डुकरं उतरतात आणि फासे लागतात, म्हणून या रविवारपासून जंगलाच्या कडेनं रांग करून चालायचं ठरवलं आहे, वनविभागाला कळवलं, त्यांचे दोन वनमजूर सोबत येतात. फासा दिसला तर हात वर करून थांबायचं. आणि एखादी तार लांबवर ओढलेली दिसली तर हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही, आधी लाइनमनला फोन. सकाळी साडेपाचला बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, पाळीवर. गंबूट घाला, बांधीत अजून पाणी आहे.

पिंपळपार | १६ सप्टेंबर

आर्वीहून शनिवारी रात्रीच निघतो. एक माणूस धरा.